कुलूप शनिवारीच काढा : नाट्यगृह व्यवस्थापकांना खुले पत्र

१५ ऑक्टोबर २०२१, दसरा

प्रति,
महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपालिका आणि विश्वस्त संस्थांच्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक,
तसेच त्यांच्या विद्युत व स्थापत्य विभागांचे अभियंते

स. न. वि. वि.

येत्या शुक्रवारपासून, म्हणजे २२ तारखेपासून, निम्म्या आसनांवर प्रेक्षक बसवून प्रयोग करायला परवानगी आहे. तिसऱ्या घंटेबद्दल या आठवड्यात पुष्कळ लिहिलं-बोललं जाईल. आम्ही लिहितोय ते ती घंटा वाजवणाऱ्या बटणाबद्दल. एप्रिलपासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही आणि मधे अख्खा पावसाळा गेला आहे.

खरं तर दोन पावसाळे. मार्च २०२०ला कोरोनामुळे नाट्यगृहं बंद झाली, ५ नोव्हेंबरला, नेमकी रंगभूमी दिनाला, परवानगी मिळाली, आणि जेमतेम बस्तान बसतंय तोवर एप्रिल २०२१मध्ये पुन्हा कुलूप लागलं. माणसं घरी बसली तरी इमारत काही बसून राहत नाही. ती ओल धरते, गंजते, पोखरली जाते. कुलूप काढून, झाडू मारून, रांगोळी घालून ती शुक्रवारी चालू होणार नाही.

आता कॅलेंडर बघा. आज दसरा. उद्या-परवा शनिवार-रविवार. मंगळवारी १९ला ईद-ए-मिलादची सुटी आणि रात्री कोजागरी. म्हणजे कचेरीच्या कामाचे दिवस उरले तीन : सोमवार, बुधवार, गुरुवार. सोमवारी बैठक, बुधवारी पत्रव्यवहार, गुरुवारी सफाई असा नेहमीचा क्रम धरला तर शुक्रवारी दुपारी टेम्पो मागच्या दाराशी उभा राहील आणि आत दिवे लागणार नाहीत. म्हणून विनंती दोन गोष्टींची. कुलूप उद्या शनिवारीच काढा. आणि गुरुवारचा अख्खा दिवस आम्हाला द्या, भाडं न लावता. मधल्या दिवसांत काय, कोणत्या क्रमाने आणि का करायचं ते पुढे लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी हवा, मग पाणी, मग वीज. ओल असताना वीज सोडायची नाही.

शनिवारी सकाळी घाई नको. कोकणपट्टीत सकाळची हवा अजून दमट असते, दारं उघडून तुम्ही ओल आतच घ्याल. अकराच्या सुमारास मागचा मोठा दरवाजा, प्रेक्षागृहाची सगळी दारं, रंगपटाच्या, म्हणजे मेकअपच्या खोल्यांच्या, खिडक्या एकदम उघडा आणि पाचच्या आत बंद करा. संध्याकाळी हवेत पुन्हा ओल येते आणि डास तर येतातच. ऑक्टोबरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, पण या आठवड्यात त्याच्याइतका स्वस्त आणि चांगला कामगार तुम्हाला मिळणार नाही. सलग दोन दिवस आरपार वारा गेला तर खुर्चीच्या गादीतली, पडद्याच्या घडीतली, फळ्यांखालची निम्मी ओल निघून जाते. आत पहिल्यांदा जाणाऱ्याने बॅटरी आणि मास्क घेऊन जावं, आणि रंगमंचाच्या वर, छताखाली, गळतीचे डाग कुठे आहेत ते बघून त्यांच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने फुल्या माराव्यात. त्या फुल्यांच्या रेषेत येणारी प्रत्येक गोष्ट, पडदे-दिवे टांगायचे बार (आडवे दांडे), दोर, स्पॉट, केबल, संशयित धरायची.

उंदरांबद्दल एक सूचना, आणि ती मनापासून. औषध घालू नका, पिंजरे लावा. औषध खाल्लेला उंदीर कुठे जाऊन मरेल ते आपल्या हातात नसतं. तो एसीच्या डक्टमध्ये किंवा रंगमंचाच्या फळ्यांखाली मेला तर तीन-चार दिवसांनी, म्हणजे बरोबर पहिल्या प्रयोगाला, प्रेक्षागृहभर वास सुटेल आणि तो शोधायला फळ्या उचकटाव्या लागतील.

दुसरी सूचना फवारणीबद्दल. गेल्या दीड वर्षात पाठीवर पंप घेऊन सोडियम हायपोक्लोराइट मारणं म्हणजेच स्वच्छता अशी समजूत झाली आहे. शौचालय, फरशी, संडासाची कडी यांना ते ठीक आहे. बाजारातलं हायपो बहुधा पाच टक्क्यांचं असतं; एक भाग हायपोत चार भाग पाणी घातलं की एक टक्का होतं. दहा मिनिटं ठेवून धातूवरून साध्या पाण्याने पुसून घ्यायचं, नाहीतर गंज चढतो. शौचालयात आधी ॲसिड टाकलं असेल तर त्यावर हायपो अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद जागेत माणूस गुदमरतो. पण हेच हायपो खुर्च्यांच्या कापडावर, पडद्यांवर, डिमरच्या (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) खोलीत, साउंडच्या केबिनमध्ये मारू नका. कापडाचा रंग जातो, जोडणीचं तांबं हिरवं पडतं. खुर्चीचे हात साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसले की पुरे.

दर्शनी पडद्याचं प्रकरण याहून नाजूक आहे. मखमल पेट घेऊ नये म्हणून तिच्यावर क्षारांच्या द्रावणाचा संस्कार केलेला असतो. बहुतेक ठिकाणी हे द्रावण पाण्यात विरघळणारं असतं. छत गळून पडदा भिजला, किंवा कुणी हौसेने धुऊन काढला, की तो संस्कार वाहून जातो आणि पडदा दिसायला तोच, पण वागायला रॉकेलचा बोळा होतो. तपासायचं तर खालच्या दुमडीतून दोन बोटं रुंद पट्टी कापा, बाहेर मोकळ्या जागेत चिमट्यात धरा, शेजारी पाण्याची बादली ठेवा आणि काडीची ज्योत बारा सेकंद लावा. ज्योत काढल्यावर पट्टी दोन सेकंदांत विझली पाहिजे. जळत राहिली किंवा जळते थेंब खाली पडले, तर पडद्यावर पुन्हा संस्कार करून घेईपर्यंत त्याच्या जवळपास एकही गरम स्पॉट लावू नका. ही चाचणी झालरी आणि विंगांच्या कापडाचीही करा. ही कापडं दिव्यांच्या जास्त जवळ असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पडदा झटकायचा नाही, बुरशीची पूड हवेत उडते. कोरड्या व्हॅक्यूमने वरून खाली ओढत यायचं.

रविवार पाण्याला द्या. गच्चीवरची आणि जमिनीखालची, दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासून घ्याव्या लागतील. त्यानंतर टाकी भरून त्यात लिटरला पन्नास मिलिग्रॅम क्लोरीन बसेल एवढी ब्लीचिंग पावडर. हिशेब सोपा आहे : दहा हजार लिटरला अर्धा किलो क्लोरीन लागतो. ताज्या पावडरीत तो तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे दीड किलो पावडर. पिशवी जुनी, गठ्ठे झालेली असेल तर पंचवीस टक्के धरा आणि दोन किलो घ्या. गोदामात मार्च २०२०पासून पडलेली पिशवी मात्र वापरू नका, तिच्यात चुनाच उरलेला असतो. पावडर बादलीत कालवून निवळू द्यायची आणि वरची निवळीच टाकीत ओतायची. मग इमारतीतला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करायचा, म्हणजे पाइपांतही ते पाणी रात्रभर उभं राहतं. सोमवारी सकाळी सगळं काढून टाकून ताजं पाणी भरा. तोवर नळांवर ‘पाणी वापरू नये’ असे कागद चिकटवायला विसरू नका. रंगपटातले शॉवर पहिल्यांदा सोडताना खिडकी उघडून, सोडणाऱ्याने बाहेर उभं राहून सोडावेत. साचलेल्या पाण्यातले जंतू तुषारांबरोबर फुप्फुसात जातात. पाण्यावर चालणारं कूलिंग टॉवर असेल तर त्यालाही हाच नियम, आणि तिथे तर जास्तच.

शौचालयात वास येतो म्हणून फिनेलचे कॅन ओतण्याआधी जाळीखालचा ट्रॅप बघा. प्रत्येक ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटारातला वायू आणि झुरळं अडवतं. सहा महिन्यांत ते पाणी उडून जातं. एक बादली पाणी ओतलं की काम झालं. बाल्कनीतल्या आणि सहसा न वापरल्या जाणाऱ्या ‘विशेष अतिथी’ कक्षातल्या शौचालयाचाही ट्रॅप भरा. वास बहुधा तिथूनच येतो.

सोमवारी वीज. या भागावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण बंद राहिलेल्या नाट्यगृहात आग लागण्याची सर्वांत मोठी शक्यता पहिल्यांदा डिमर चढवतानाच असते.

आधी मुख्य स्विच बंद ठेवून पॅनेल उघडा. उंदरांनी कुरतडलेल्या केबल दिसतात, पण त्यांचं मूत्र दिसत नाही. ते एमसीबीच्या तळाशी आणि बसबारवर (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीवर) पांढरा-हिरवा थर धरतं. तो सुका ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा. प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू पान्याने आवळून बघा, आणि सुरुवात न्यूट्रलपासून करा. याचं कारण समजून घ्या. एका नाटकाला हजार वॅटचे छत्तीस स्पॉट धरले तर छत्तीस किलोवॅट भार होतो. तीन फेजवर नीट वाटला तर प्रत्येकीवर साधारण ५२ अँपिअर. पण डिमर वीज कापून-कापून देतो, त्यामुळे तिन्ही फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना पूर्ण रद्द करत नाहीत आणि न्यूट्रलमधून कधीकधी फेजपेक्षाही जास्त प्रवाह जातो. तिथला स्क्रू गंजून ढिला झाला असेल तर तो तापतो. आणि न्यूट्रल पूर्ण सुटलाच, तर ज्या फेजवर भार कमी तिच्यावरचा दाब २३० वरून थेट ४००च्या दिशेने चढतो. साउंडचा मिक्सर, लाईट बोर्ड, तिकीट खिडकीतला संगणक एका क्षणात गेले म्हणून समजा.

मग मेगर, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. पाचशे व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किट तपासायचं; एक मेगोहमपेक्षा कमी वाचन आलं की ते सर्किट बंद ठेवायचं. मात्र मेगर लावण्याआधी डिमर आणि सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं केबलपासून सोडवून घ्या. हे विसरलं की मेगरच डिमर मारतो आणि मग ‘बंद राहून खराब झाला’ असा शेरा पडतो. वाचन कमी आलं म्हणजे वायर बदलायचीच असंही नाही. बऱ्याचदा नुसती ओल असते. सॉकेटची पेटी उघडून दिवसभर पंखा लावा आणि बुधवारी पुन्हा मोजा. आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, चाचणीचं बटण दाबून बघा. दाबल्यावर स्विच पडला नाही तर तो बदला, आणि पुन्हा पुन्हा पडतोय म्हणून त्याला बायपास करणाऱ्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवा.

हे सगळं जमलं की दिवे. पहिल्या अर्ध्या तासात एकाही स्पॉटला दहा-पंधरा टक्क्यांच्या वर नेऊ नका. थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावतो. त्यात होल्डरच्या पितळी जबड्यावर गंज असेल तर ठिणगी पडते, दिव्याची पिन जळते आणि नवा दिवा लावला तरी तोही तिथेच जळतो. म्हणून जळका दिवा निघाला की आधी होल्डर बघायचा, काळा असेल तर तोच बदलायचा. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटने पुसायचं, नाहीतर बोटाच्या तेलकट ठशाच्या जागी काच फुगते. मंद आचेवर अर्धा तास गेला की स्पॉटमधली धूळ आणि कोळ्याची जाळी जळून वास येईल, थोडा धूर दिसेल. घाबरू नका, पण दारं उघडी ठेवा आणि माणूस तिथून हलू देऊ नका. जुनी जिलेटिनं (स्पॉटपुढचे रंगीत पारदर्शक कागद) काढून टाकाच. ती ठिसूळ झालेली असतात, तापली की तडकून खाली नटाच्या डोक्यावर येतात.

जनरेटरच्या टाकीतलं डिझेल एप्रिलचं आहे. तळाशी पाणी आणि त्यावर शेवाळासारखा चिखल साचला असणार. खालचा बूच काढून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, फिल्टर बदला. आणि ‘चालतो’ हे बघायला पाच मिनिटं रिकामा फिरवून बंद करू नका. एक तास, निदान तीसेक टक्के भार घालून चालवा. खरा दोष भाराखालीच कळतो. आपत्कालीन दिव्यांच्या बॅटऱ्या सहा महिने चार्ज न झाल्याने बहुतेक मेलेल्या असतील. सोमवारी चार्जिंगला लावा, बुधवारी मुख्य पुरवठा बंद करून अर्धा तास बघत बसा. जे विझतील त्यांच्या बॅटऱ्या बाजारातून आणायला मग गुरुवार उरतो.

मंगळवार सुटीचा. त्या दिवशी तुमच्या माणसांना कोजागरीचं दूध आटवू द्या, फार तर रंगपट आवरून घ्या. प्रत्येक आरशासमोर एकच खुर्ची, एकमेकींपासून सहा फूट. जागा पुरत नसेल तर तालमीची खोली किंवा कार्यालय उघडून द्या. रंगभूषेचं सामान आता प्रत्येकाचं वेगळं असेल, त्यामुळे टेबलावर जास्त डबे येतील. बल्बांच्या पट्टीखाली मोकळी फळी हवी. उघडून ठेवलेलं जुनं काजळ-मस्कारा निर्मात्यांच्या पेटीतून फेकून द्यायला आम्ही आमच्या बाजूने सांगतोच आहोत. रंगपटाला खिडकी नसेल तर निदान एक्झॉस्ट पंखा चालू असू द्या, कारण रंग चढवल्यावर मास्क लावता येत नाही, आणि प्रयोगाआधीचा तास-दीड तास आठ-दहा माणसं तिथे उघड्या तोंडाने बसलेली असणार. शुभेच्छा द्यायला येणाऱ्या मंडळींना आत सोडू नका, ती कुणाचीही ओळखीची असोत.

बुधवारी रंगमंच. फळ्यांवरून अनवाणी चाला. कुठे खिळा वर आलाय, कुठे फळी फुगलीय ते पायाला आधी कळतं. हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकत जा. भरीव आवाज बदलून पोकळ झाला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर वाळवी आहे, आणि ती फळी शुक्रवारच्या आत बदलायलाच हवी; वर गालिचा टाकून भागणार नाही, कारण नटाचं नाचणं-उड्या मारणं सोडा, नेपथ्याची लेव्हल (उंच चौथरा) आणि फ्लॅटला (नेपथ्याच्या उभ्या भिंतीला) लावलेली वजनं यांचाच भार पुष्कळ असतो. फळ्या पाण्याने धुऊ नका. आणि एक आगाऊ गोष्ट : शुक्रवारी नटराजाची पूजा होईल, नारळही फुटेल. तो पायरीवर किंवा बादलीत फोडा. फळ्यांच्या फटीत गेलेलं नारळपाणी मुंग्यांना आमंत्रण देतं.

ज्या बारवर पडदे आणि स्पॉट टांगलेले आहेत त्यांच्या तारदोरावरून जाड हातमोजा घालून जुनं फडकं ओढत न्या. जिथे फडकं अडकेल तिथे तार तुटलेली आहे. त्या दोराखाली शुक्रवारी माणूस उभा राहणार आहे एवढं लक्षात ठेवून निर्णय घ्या. सुती किंवा काथ्याचा दोर असेल तर पिळ उघडून आत बघा. बाहेरून धड आणि आतून भुगा, असे दोर पावसाळ्यानंतर नेहमी सापडतात. कप्प्यांना ग्रीस, हातविंचेच्या ब्रेकची चाचणी, आणि मग नेहमीच्या भाराच्या सव्वापट वजन टांगून बार वर नेऊन अर्धा तास ठेवायचा. त्या वेळी रंगमंचावर कुणी नको.

त्याच दिवशी बाहेर पडायची सगळी दारं आतून ढकलून उघडून बघा. टाळेबंदीत चोरीच्या भीतीने त्यांना साखळ्या आणि कुलपं लागली आहेत, किल्ल्या कुणाकडे आहेत ते आत्ताच शोधायला लागा. अग्निशामक नळकांड्यांचा काटा हिरव्यात आहे का, आणि पुन्हा भरण्याची तारीख उलटली आहे का, दोन्ही बघा. काटा हिरवा असला तरी आतली पूड दगड झालेली असू शकते. कार्बन डाय-ऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, ते वजन करूनच कळतं. दहा टक्क्यांहून जास्त घट आली की भरून घ्यायचं.

हवेचं काय, हा प्रश्न प्रेक्षक सर्वांत जास्त विचारतील. केंद्राच्या सूचनांत तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के सांगितली आहे, पण खरी मेख बाहेरची हवा घेणाऱ्या झडपेत आहे. वीजबिल वाचवायला ती बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं बंद असते. ती उघडा आणि जाळीवर टिशूचा कागद धरून बघा. कागद आत ओढला जात नसेल तर पंखा उलटा फिरतोय किंवा जाळी कबुतरांच्या घरट्याने बुजली आहे. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून लावा. थंड कॉइलखालच्या तबकाची नळी तुंबली की तिथे शेवाळं साचतं आणि पाणी नेमकं लाईट केबिनवर टपकतं. प्रयोगाच्या दोन तास आधीपासून हवा खेळती ठेवा, आणि प्रेक्षक गेल्यावर लगेच बंद करू नका. अडचण एवढीच की पूर्ण वेगाने पंखे लावले तर घरघर होते आणि नटाची कुजबुज दहाव्या रांगेपलीकडे जात नाही. माइक वाढवणं हा उपाय वाटतो, पण माइक ती घरघरही उचलतो. यंत्र नेहमीच्या वेगाने चालवून आधी-नंतरचा वेळ आणि मध्यंतर वाढवणं बरं. पंधराऐवजी वीस मिनिटांचं मध्यंतर करा, त्या वेळी सगळी दारं सताड उघडा. प्रेक्षागृहात खायचं नाही, त्यामुळे वड्याची गर्दी अंगणात होईल. तिथे दोन टेबलं वाढवून मांडा. स्वच्छतागृहाबाहेरची बायकांची रांगही तेवढ्यात उरकेल.

आसनं अडवायला चिकटपट्टी वापरू नका. रेक्झिनवर तिचा गोंद राहतो, मखमलीवर ती सोलताना लव निघते. मिटलेल्या खुर्चीला सुती नाडी बांधा, उद्या शंभर टक्क्यांची परवानगी आली की ओढून काढता येते. आणि नाड्या बांधण्याआधी बुकिंग क्लार्कला आसनांचा प्लॅन दाखवा. एक सोडून एक या हिशेबाने तिकिटं विकली आणि नाड्या मात्र रांगेच्या दुसऱ्या टोकापासून मोजून बांधल्या, तर नेमक्या विकलेल्या खुर्च्या बांधलेल्या निघतात.

आता गुरुवार. त्या दिवशी सकाळी नेपथ्य लागलं पाहिजे, दिवे लागले पाहिजेत आणि नाटक एकदा रिकाम्या प्रेक्षागृहापुढे पुरतं झालं पाहिजे. सहा महिने गोदामात उभ्या असलेल्या फ्लॅटच्या प्लायचे पापुद्रे सुटलेत, बिजागऱ्या गंजल्यात, जोडाच्या खिळ्या सापडत नाहीत. एरवी दोन-अडीच तासांत लागणाऱ्या नेपथ्याला या वेळी पाच तास धरा. कॉर्डलेस माइकच्या पेटीत विसरलेले सेल फुटून पांढरी पूड झालेली असेल तर कापसावर व्हिनेगर घेऊन पुसून, मग स्पिरिटने वाळवता येतं, पण त्यालाही वेळ लागतो. स्पीकरचा पुठ्ठा बुरशीने मऊ पडला असेल तर नुसत्या ‘हॅलो, माइक टेस्टिंग’मध्ये कळत नाही, संगीताच्या मोठ्या तुकड्याला फरफर ऐकू येते. शिवाय निम्मं रिकामं प्रेक्षागृह जास्त घुमतं. माणसांचे कपडे आवाज शोषतात, नाड्या बांधलेल्या खुर्च्या तेवढा शोषत नाहीत. मास्कमधून हसू दबून येतं, त्यामुळे हशासाठी थांबायची नटाची मोजणीही चुकणार. ध्वनीच्या माणसाला पार्श्वसंगीताची पातळी त्यामुळे नव्याने बांधावी लागेल.

आणखी एक धोका गुरुवारीच दाखवून द्यायचा आहे. सॅनिटायझर. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल असतं. विंगेत स्टँडवर हजार वॅटचा स्पॉट तापलेला असतो, तिथे ही बाटली ठेवायची नाही. ज्या प्रवेशात निरांजन, काडी किंवा सिगारेट पेटवायची आहे त्यातल्या नटाने हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. अल्कोहोलची ज्योत दिव्यांच्या उजेडात दिसतच नाही, हात पोळल्यावर कळते. विंगेत साबण-पाण्याचं तसराळं ठेवलं तर सगळ्यांचं भागेल.

भाड्याच्या सवलतीचा मोठा प्रश्न निर्माते मांडतील. आमचं मागणं त्यातल्या एकाच दिवसाचं आहे. रंगमंचामागच्या माणसाचा हिशेब नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाला मिळणाऱ्या पैशांवर, चालतो, आणि प्रयोग नसलेल्या दिवसाला नाइट नसते. गुरुवारचं भाडं माफ झालं तर तेवढ्या पैशांत निर्मात्याला प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, इस्त्री, रंगभूषा सगळ्यांना त्या दिवसाची अर्धी नाइट देता येईल. गेलं दीड वर्ष ज्यांनी भाजीची गाडी लावली, रिक्षा चालवली, तेच लोक या कामाचे जाणकार आहेत. त्यांना दिवसभर फुकट थांबा म्हणणं बरं नव्हे.

शुक्रवारचं गणित दारावर चुकतं. हजार आसनांच्या नाट्यगृहात पाचशे प्रेक्षक येतील. लसीचं प्रमाणपत्र फोनमध्ये शोधणं, दाखवणं, तापमान बघणं याला माणशी पंधरा सेकंद धरले तरी एका दाराला दोन तास पाच मिनिटं लागतात. चार टेबलं लावली तर अर्धा तास. आपला प्रेक्षक साठीच्या पुढचा पुष्कळ आहे आणि त्याला फोनमधलं प्रमाणपत्र लवकर सापडत नाही, तेव्हा दारं एक तास आधी उघडा आणि ‘छापील प्रत चालेल’ अशी पाटी तिकीट खिडकीवर आजच लावा. तापमानाची बंदूक उन्हात उभ्या माणसावर धरू नका. चारच्या प्रयोगाला तापलेल्या फुटपाथवरून आलेला प्रत्येक जण तिला तापकरी वाटतो. आधी सावलीत पाच मिनिटं, मग बंदूक. प्रयोग संपला की रांगेरांगेने सोडा, मागच्या रांगा आधी. साउंडचा ॲम्प्लिफायर सर्वांत आधी बंद, मिक्सर शेवटी. स्पॉट गार होईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, बार खाली घेऊ नका. गरम दिवा धक्क्याने जातो, आणि सध्या नवा दिवा मिळायला दुकानांतही शोधाशोध आहे.

उद्या अकराला कुलूप काढायला ज्या माणसाला पाठवाल त्याच्याकडे डिमरच्या खोलीचीही किल्ली द्या. ती बहुधा वेगळ्या जुडग्यात असते. आणि गुरुवारी सकाळी आठला मागचा दरवाजा उघडा ठेवा, टेम्पो साडेआठला येईल.

आपले,
प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा आणि इस्त्री सांभाळणारे
रंगमंचामागचे कामगार